चौदाव्या लुईला नवा कर बसवायचा असेल, तर नेमकं काय काय करावं लागे?

कोपऱ्यावरचा वाचक

युरोपातल्या अनियंत्रित राजेशाहीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात व्हर्साय येतं, ‘मीच राज्य’ येतं आणि पान उलटलं की एकदम १७८९ उजाडतं. मधला कारभार कसा चालायचा याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

म्हणून प्रश्न अगदी कारकुनी विचारतो. समजा राजाने ठरवलं की अमुक कर सुरू करायचा. पुढे काय? मसुदा कोण करतो, शिक्का कोण मारतो, कागद कुठून कुठे फिरतो आणि शेवटी खेड्यात दारात उभं राहून पैसे कोण मागतो? गाडी नेमकी कुठे अडकते? राजा सर्वशक्तिमान ‘होता की नव्हता’ हा वाद नंतर घालू. साधारण १६०० ते १७१५ चा फ्रान्स डोळ्यांपुढे आहे, पण इतर देशांची उदाहरणं असतील तर जरूर द्या.

तिरकस तात्या

सुरुवातीलाच एक काडी टाकतो. ‘मीच राज्य’ हे वाक्य लुईने १३ एप्रिल १६५५ ला पॅरिसच्या पार्लमाँत (तिथल्या उच्च न्यायालयात) ऐकवलं अशी कथा आहे. त्या दिवशीच्या इतिवृत्तात ते नाही. उलट मरायला टेकल्यावर ‘मी चाललो, पण राज्य राहणारच आहे’ अशा अर्थाचं तो बोलला, असं एका दरबाऱ्याच्या रोजनिशीत आहे. आता बोला.

आणि ‘अनियंत्रित’ हे भाषांतरही जरा दिशाभूल करतं. मूळ लॅटिन कल्पना ‘कायद्यांतून मोकळा’ अशी. त्यातले कायदे म्हणजे माणसाने केलेले. देवाचा कायदा, वारसाहक्काचा नियम आणि प्रजेची मालमत्ता यांतून राजा मोकळा आहे असं त्याचे कट्टर समर्थकही म्हणत नसत.

लाखेचा शिक्का

मूळ प्रश्नाला हात घालतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मसुदा अर्थखात्यात होतो, म्हणजे १६६५ नंतर महालेखानियंत्रकाच्या कचेरीत. राजा सही करतो, खाली राज्यसचिवाची प्रतिसही. मग कागद चान्सेलरकडे, कारण मोठा शिक्का त्याच्या ताब्यात. कायमस्वरूपी फर्मान असेल तर हिरवं मेण आणि लाल-हिरव्या रेशमी दोऱ्या. त्यावर फक्त महिना आणि साल घालतात, दिवस नाही. आधीच्या फर्मानाचा खुलासा किंवा दुरुस्ती असेल तर पिवळं मेण, आणि त्यावर पूर्ण तारीख. मेणाचा रंग बघूनच कारकुनाला कळे की हातात काय पडलंय.

इथपर्यंत राजाला कोणी अडवत नाही. खरी मेख पुढे.

हा कागद न्यायालयांच्या नोंदवहीत चढल्याशिवाय न्यायाधीश त्यावरून निकाल देत नाहीत. म्हणजे फर्मान पॅरिसच्या पार्लमाँत जाणार. (पार्लमाँ म्हणजे पार्लमेंट नव्हे हो! ही उच्च न्यायालयं. तिथे लोकांचे प्रतिनिधी बसत नसत, जागा विकत घेतलेले न्यायाधीश बसत.) कराचं प्रकरण असेल तर हिशेब न्यायालय आणि कर न्यायालय ही आणखी दोन दारं. शिवाय पॅरिसच्या नोंदवहीचा अंमल पॅरिसच्या हद्दीपुरता. तुलूझ, ग्रनोब्ल, बोर्दो, दिजाँ, रुआँ, एक्स, रेन, पो, मेत्स या सगळ्यांकडे तेच फर्मान वेगवेगळं जाणार आणि प्रत्येकाच्या शंका वेगळ्या.

पार्लमाँला फर्मान पटलं नाही तर ती लेखी गाऱ्हाणं पाठवते. राजा उलट हुकूमपत्र पाठवतो: ‘नोंदवा’. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा हुकूमपत्र. अगदीच हटून बसले तर राजा स्वतः येतो. कोपऱ्यात उंचावर छत्र, खाली उशा, त्यावर राजा. या दरबाराचं नावच ‘न्यायाची शय्या’. चान्सेलर वर चढून गुडघे टेकतो, आज्ञा घेतो, खाली उतरून बाकाबाकांवरून हलक्या आवाजात मतं विचारत फिरतो आणि परत येऊन जाहीर करतो की नोंद झाली. मत काहीही असो, निकाल आधीच ठरलेला.

पण नोंदवहीत कारकून एक शेपूट लावतो: ‘राजाच्या अत्यंत स्पष्ट आज्ञेवरून’. वाचणाऱ्या प्रत्येक खालच्या न्यायाधीशाला कळतं की हे आपखुशीने झालेलं नाही. मग अंमलबजावणीत तो किती घाई करेल ते तुम्हीच ठरवा.

सांजवात

‘अत्यंत स्पष्ट आज्ञेवरून’ हे फारच आवडलं. ‘वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार’ची पणजी दिसते ही. वाचनखूण साठवली.

उत्तरपेठ

@लाखेचा शिक्का, वर्णन झकास, पण तुम्ही सांगताय ते १६४० च्या दशकाचं चित्र. फेब्रुवारी १६७३ च्या आदेशाने लुईने क्रमच उलटा केला: आधी जशीच्या तशी नोंद करा, मग काय रडायचं ते रडा. नोंद झाल्यावर गाऱ्हाण्याला काय किंमत? त्यानंतर राजा जिवंत असेपर्यंत पार्लमाँ जवळजवळ गप्प होत्या. १६७५ मध्ये रेनला मुद्रांकाच्या कागदावरून दंगा झाला, तर तिथली पार्लमाँ उचलून व्हानला नेऊन बसवली आणि १६९० पर्यंत तिथेच ठेवली. याला मर्यादित सत्ता म्हणायचं असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही.

लाखेचा शिक्का

@उत्तरपेठ, १६७३ चा मुद्दा मान्य, लिहायला हवा होता. माझं म्हणणं एवढंच की तोंड बंद केलं तरी खिसा उघडला नाही. तो खिसा कसा होता ते कोणीतरी लिहा. पदविक्रीचं प्रकरण ‘आकडेमोड’ यांच्या हाती सोपवतो.

आकडेमोड

आलोच.

फ्रान्समध्ये न्यायाधीश, खजिनदार, करनिर्धारक, दप्तरदार ही पदं राजा विकत असे. १६६५ मध्ये लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने मोजदाद करवली तेव्हा न्याय आणि अर्थ या दोन खात्यांत मिळून अशी सुमारे ४६ हजार पदं निघाली आणि त्यांत अडकलेलं भांडवल ४० कोटी लिव्रच्या वर. (लिव्र हे तिथलं चलन. मुद्दाम ‘लिव्हर’ लिहीत नाही, लोक यकृत समजतात.) त्याच वर्षी पदांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. पॅरिसच्या पार्लमाँतल्या साध्या सल्लागार-न्यायाधीशाच्या पदाची मर्यादा होती १ लाख लिव्र.

यंत्रणा अशी. पद घेणारा एकरकमी पैसे भरतो. राजा त्याला दरसाल ‘पगार’ देतो, तो खरं तर त्या भांडवलावरचं व्याज. पद दुसऱ्याला देऊन टाकता येतं, पण अट अशी की दिल्यापासून ४० दिवस देणारा जगला पाहिजे. त्याआधी मेला तर पद राजाकडे परत. म्हणजे म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या घरात सगळे दिवस मोजत बसलेले. १६०४ मध्ये यावर तोड निघाली: दरवर्षी पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा भरा आणि ४० दिवसांची अट विसरा. त्या वसुलीचा मक्ता घेणाऱ्या पोलेच्या नावावरून या पट्टीला ‘पोलेत’ म्हणू लागले. पद आता घराण्याची मालमत्ता झालं.

आता राजाची गोची बघा. मृत्यू, राजीनामा किंवा सिद्ध झालेला गुन्हा याशिवाय पदाधिकाऱ्याला काढता येत नाही, हा नियम १४६७ पासूनचा. एखादं पद रद्दच करायचं तर भरलेले पैसे परत करा. ४६ हजार पदांचे ४० कोटी कुठून आणणार? ज्या माणसाने आज्ञा पाळायची तोच राजाचा सावकार.

पोलेतची सवलत ९-९ वर्षांसाठी दिली जाई आणि नूतनीकरणाच्या वेळी राजाला पिळायची संधी मिळे. १६४८ मध्ये मुख्यमंत्री माझारँचा ती संधी साधायचा डाव अंगाशी आला. त्याने पार्लमाँ सोडून बाकीच्या वरिष्ठ न्यायालयांना सांगितलं की नूतनीकरण हवं तर चार वर्षांचे पगार सोडा. पार्लमाँला वगळलं की ती बाजूला राहील असा हिशेब होता. १३ मे ला पार्लमाँने बाकीच्यांशी हातमिळवणी केली. एकत्र बसून २७ कलमांची मागणी काढली, त्यात इंटेंडंट (राजाने विभागांत नेमलेले अधिकारी) परत बोलवा हे ठळक. २६ ऑगस्टला ब्रूसेल नावाच्या म्हाताऱ्या, लोकप्रिय न्यायाधीशाला पकडलं तर पॅरिसमध्ये रातोरात हजाराच्या वर अडथळे उभे राहिले आणि दोन दिवसांत त्याला सोडावं लागलं. जानेवारी १६४९ मध्ये १० वर्षांच्या लुईला घेऊन राजघराणं रात्री पॅरिसमधून निसटलं. फ्राँदचं बंड म्हणतात ते हेच.

मोडीवाचक

म्हणजे हे आपल्या वतनासारखंच की. पिढीजात हक्क, राज्यकर्ता बदलला तरी वतनदार तिथेच.

आकडेमोड

@मोडीवाचक, दिसायला तसं, आतून वेगळं. वतन हे गावातल्या हक्क-मानपानाला आणि जमिनीला चिकटलेलं. फ्रेंच पद म्हणजे रोख्यासारखी चीज: किंमत चढते-उतरते, बाजारात विकता येते, हुंड्यात देता येते, त्यावर कर्ज काढता येतं. पद घेणाऱ्याला बहुतेक वेळा त्या खात्याच्या कामात रसही नसे. ही तुलना फार ताणू नये असं मत.

सांजवात

पण विकून विकून पदं संपत नव्हती का?

तिरकस तात्या

संपली की नवी काढायची! १६८९ नंतरच्या युद्धकाळात तर पदांचं पीकच आलं. अंत्ययात्रेची दवंडी देणारे, लोणी आणि चीज तपासणारे, सरपण रचणारे, विगवर देखरेख करणारे, आणि माझे सगळ्यांत लाडके: डुकरांच्या जिभा तपासणारे. हसू नका, काम खरं होतं. जिभेखाली गाठी दिसल्या तर मांसात जंत असतात. पण त्यासाठी राजमुद्रेचं पद!

यात एक खुबी होती. पद काढायचं ते कोणी करावं म्हणून नव्हे, कोणीतरी घाबरून विकत घेऊन निकालात काढावं म्हणून. १६९२ मध्ये शहरांच्या महापौरपदांना राजाने विक्रीला काढलं. आपल्या डोक्यावर कोण उपरा येऊन बसेल या धास्तीने शहरांनी स्वतःच वर्गणी काढून ती पदं घेतली. कारागिरांच्या श्रेणींचंही तेच. कर न बसवता कर घेतला. थेट कर बसवता येत नव्हता म्हणूनच हे उद्योग, हेही लक्षात घ्या.

काळी माती

वर सगळे पॅरिसमध्येच फिरतायत. ‘दारात कोण उभा राहतो’ हा प्रश्न राहिला. मुख्य प्रत्यक्ष कर ‘ताय’. तो गावात कसा उतरतो ते सांगते.

राजाची परिषद वर्षाचा एकूण आकडा ठरवते. लोकांचं उत्पन्न बघून नव्हे, खर्च बघून. तो आकडा विभागांवर, विभागातून तालुक्यासारख्या घटकांवर, तिथून चर्चच्या गावांवर फोडला जातो. गावाला एवढंच कळतं: तुमच्या गावाने इतके लिव्र द्यायचे. घरटी कोणी किती, ते गावाने ठरवायचं. गावकरी आपल्यातलेच काही जण त्या वर्षापुरते ‘वसूलदार’ निवडतात. कोणालाच हे काम नको असतं, कारण कमी पडलेली रक्कम वसूलदाराच्या अंगावर येते. नाही भरली तर तुरुंग त्याला.

हा वसूलदार वही घेऊन दारोदार फिरतो. उत्तर फ्रान्समध्ये कर माणसावर, त्याच्या ‘ऐपती’वर. ऐपत ठरवायची कशी? जमिनीचा मोजणीदाखला नाही. मग गोठ्यात गाई किती, दाराशी गाडी आहे का, पोरीच्या लग्नात काय वाजलं, हे बघून. त्यामुळे शहाणा शेतकरी वसुलीच्या दिवसांत चांगला कोट घालत नसे आणि पैसे असले तरी हप्त्याहप्त्याने, कुरकुरत भरत असे. एकदम भरले तर पुढच्या साली आकडा वाढलाच म्हणून समजा.

सरदार-उमरावांना हा कर माफ. पण त्यांच्या कुळांना नाही, आणि कुळाने जास्त कर भरला तर मालकाचा खंड बुडतो. म्हणून मालक वसूलदाराला बोलावून घेतो, ‘माझ्या कुळांना जरा बघून’. वसूलदार पुढच्या साली त्याच मालकाच्या दारात बियाणं मागायला उभा राहणार असतो. तो काय करणार? कुळांचा आकडा खाली, आणि तो फरक गावातल्या विधवा, मजूर, छोट्या शेतकऱ्यांवर. थकबाकी झाली की घरात शिपाई बसवत, आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च थकबाकीदारावर.

दक्षिणेत, उदाहरणार्थ लांगदॉकमध्ये, कर जमिनीवर होता आणि गावोगाव जमिनीची वही होती. तिथे निदान भांडण कशावरून आहे ते कागदावर दिसे. पण तिथे दुसरी अडचण: प्रांताची स्वतःची सभा. ब्रिटनी, बर्गंडी, लांगदॉक यांच्याशी दरवेळी रकमेवरून घासाघीस करावी लागे.

उत्तरपेठ

@काळी माती, उत्तम. पण यातच इंटेंडंट कुठे आहे? राजाने नेमलेला, पद विकत न घेतलेला, हवा तेव्हा परत बोलावता येणारा माणूस. कोल्बेरच्या काळात तो प्रत्येक विभागात होता आणि करवाटपाच्या वह्या तपासत होता. सत्ता गावापर्यंत पोचली ती त्याच्यामुळे.

काळी माती

अहो, सगळ्या देशात मिळून तिशीच्या आसपास इंटेंडंट. लोकसंख्या २ कोटींच्या घरात. हाताखाली दोन-चार कारकून आणि स्थानिक उपप्रतिनिधी, तेही बहुधा तिथल्याच एखाद्या पदधारकांतले. त्याला माहिती कोण देणार? तोच न्यायाधीश, तोच खजिनदार, ज्याच्यावर लक्ष ठेवायला हा आला. चांगला इंटेंडंट हे ओळखून असे आणि भांडत बसण्यापेक्षा जमवून घेई. कागदोपत्री तो राजाचा डोळा, पण चष्मा गावातूनच उसना घेतलेला.

खडा मीठ

माझं आयडी सार्थ करायची संधी. गाबेल, म्हणजे मिठावरचा कर.

एकाच राज्यात सहा तऱ्हेचे मीठप्रदेश. ‘मोठ्या गाबेल’च्या मुलखात मीठ सरकारी कोठारातूनच घ्यायचं, आणि नुसतं महाग नाही तर सक्तीचं. १६८० च्या नियमाप्रमाणे आठ वर्षांवरच्या १४ माणसांमागे वर्षाला एक ‘मिनो’, म्हणजे साधारण ४९ किलो, माणशी साडेतीन किलो. आणि हे मीठ फक्त भांड्यात आणि ताटात वापरायचं! डुकराचं मांस खारवायचं असेल तर त्याचं मीठ वेगळं विकत घ्या, वेगळी पावती. तपासनीस घरात शिरून खारवलेल्या मांसाचं पिंप आणि पावती जुळवून बघे.

शेजारच्या ब्रिटनीला गाबेल नाही. तो प्रांत फ्रेंच राज्यात सामील झाला त्या वेळच्या हक्कांत ते होतं आणि राजाने त्याला हात लावला नाही. परिणाम: अठराव्या शतकाच्या शेवटाकडे सीमेच्या एका बाजूला जे मीठ २-३ लिव्रना मिळे ते दुसऱ्या बाजूला ६० च्या आसपास. मग काय, माणसं, बायका, पोरं, शिकवून तयार केलेली कुत्रीसुद्धा मीठ घेऊन सीमा ओलांडत. तस्कराला दंड, दुसऱ्यांदा सापडला तर वल्ही मारायला गलबतावर, आणि तरी चालूच.

सर्वशक्तिमान राजाला आपल्याच दोन प्रांतांत मिठाचा एक भाव करता आला नाही. करायचा तर ब्रिटनीची सभा पेटेल, आणि इजारेदारांनी (करवसुलीचा मक्ता घेतलेल्या सावकारांनी) आगाऊ दिलेले पैसे अडकतील.

आकडेमोड

इजारेदारांवरून एक पुरवणी. मीठ, जकात, दारूवरचे कर हे सगळं इजाऱ्याने दिलेलं. राजाला पैसा आगाऊ हवा, तो सावकारांकडून येणार, आणि तो येणार भारी व्याजाने. १६६५ पासून कायदेशीर व्याज विसावा हिस्सा, म्हणजे ५ टक्के. राजाने स्वतःच ठरवलेल्या या दराने राजालाच कर्ज मिळत नसे! मग हिशेब न्यायालयाला दिसू नये म्हणून ‘कशासाठी ते विचारू नये’ अशा छापाच्या रोख आदेशांत वरचं व्याज दडवत. सावकारांनाही ठाऊक की हा उद्या पालटेल: १६६१ मध्ये अर्थखात्याचा प्रमुख फुके याला नांतमध्ये अटक झाली आणि मागोमाग विशेष न्यायालय बसवून सावकारांकडून रकमा उकळल्या. असं दर काही वर्षांनी व्हायचं. त्यामुळे पुढचा सावकार तो धोका धरूनच व्याज लावणार.

१६८९ मध्ये तर व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचर वितळवून टांकसाळीत पाठवलं. मेजं, दिवे, कुंड्या सगळं. कारागिरीचे पैसे बुडाले, नुसत्या धातूचे मिळाले.

उत्तरपेठ

सगळे फ्रान्सवरच अडकलेत. खरा अनियंत्रित राजा पाहायचा तर डेन्मार्कला चला.

१६६० मध्ये स्वीडनशी युद्ध होऊन देश कंगाल. कोपनहेगनमध्ये सभा भरली असताना तिसऱ्या फ्रेडरिकने शहराचे दरवाजे बंद करवले, नागरिक आणि धर्मगुरू त्याच्या बाजूला, उमराव कोंडीत. गादी वंशपरंपरागत झाली आणि राज्यारोहणाच्या वेळी त्याच्याकडून लिहून घेतलेला करारनामा रद्द करून त्याच्या हाती परत दिला. १४ नोव्हेंबर १६६५ चा ‘राजकायदा’ हा युरोपातला अनियंत्रित सत्तेचा एकमेव लेखी संविधानच. गंमत म्हणजे तो गुप्त ठेवला होता, छापला १७०९ मध्ये.

आणि फ्रान्सला जे जमलं नाही ते त्यांनी केलं: साखळी टाकून सगळ्या देशाची जमीन मोजली. १६८८ ची जमीननोंद त्यातून निघाली, धान्याच्या एका मापात प्रत्येक शेताची किंमत. वसूलदाराला कोणाच्या गोठ्यात डोकवायची गरज नाही.

तिरकस तात्या

@उत्तरपेठ, त्याच कायद्यात राजाला काय करता येणार नाही तेही लिहिलंय ते सांगा की! लुथरपंथ सोडायचा नाही, राज्याची वाटणी करायची नाही, आणि हा कायदा बदलायचा नाही. सगळं करण्याचा अधिकार देणाऱ्या कागदात तीन कुलुपं.

उत्तरपेठ

ते आहेच. पण कुलुपं राजाच्या घराण्यासाठीच होती, प्रजेला किल्ली नव्हती.

गोदाकाठ

इंग्लंडचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही. पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून ११ वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. पैशासाठी जुना ‘जहाजपैसा’ उकरून काढला: १६३४ मध्ये किनाऱ्यावरच्या गावांकडून, १६३५ पासून आतल्या जिल्ह्यांकडूनही. हॅम्डेन नावाच्या जमीनदाराने २० शिलिंग द्यायला नकार दिला, खटला झाला, १६३८ मध्ये १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने. म्हणजे राजा जिंकला. पण ७ विरुद्ध ५ ही बातमी गावोगाव पोचली. सुरुवातीच्या वर्षांत नव्वद टक्क्यांच्या वर वसुली होती, ती १६३९ च्या मागणीत पाव हिश्श्याच्याही खाली आली. कारण साधं: वसुली करणारे शेरीफ आणि गावचे शिपाई बिनपगारी होते. शेजाऱ्याची गाय ओढून न्यायचा उत्साह संपला की राजाकडे दुसरा माणूसच नव्हता. फ्रान्समध्ये निदान पगारी सैन्य होतं.

आणि पुढची उलटी गंमत. १६८९ नंतर इंग्लंडच्या राजाचे हात बांधले गेले, कर पार्लमेंट ठरवू लागलं, १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले. पुढच्या चाळीसेक वर्षांत तोच दर ३ टक्क्यांवर आला. बांधलेल्या राजाला कर्ज स्वस्त, मोकळ्या राजाला महाग.

मोडीवाचक

अवांतर होईल, पण मुंबईचा किस्सा याच धाग्यात बसतो.

२३ जून १६६१ च्या तहाने पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिलं. एका राजघराण्याने दिलं, दुसऱ्याने घेतलं, प्रश्न मिटला? सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज आरमार अब्राहम शिपमनला घेऊन मुंबईत आलं, तर गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलु इ काश्त्रू म्हणतो, तुमचे कागद नमुन्याप्रमाणे नाहीत, बेट देत नाही! शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले आणि तापाने पटापट मेले. शिपमनही तिथेच गेला. लिस्बनहून खडसावणारी पत्रं येत राहिली. पावसाळा आणि वाऱ्यांच्या हिशेबाने एका पत्राला उत्तर मिळायला वर्ष सहज जाई. ताबा मिळाला १८ फेब्रुवारी १६६५ ला, हम्फ्री कुकला. त्यातही भांडण राहिलंच, कारण व्हाइसरॉयच्या मते ‘मुंबई’ म्हणजे फक्त ते एक बेट, आजूबाजूचं काही नाही.

चार्ल्सलाही बेट परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने वर्षाला १० पौंड सोन्यात या भाड्याने त्याने ते कंपनीला देऊन टाकलं.

सांजवात

वर्षाला १० पौंड! आत्ता त्यात मुंबईत पार्किंग मिळणार नाही.

खडा मीठ

व्हाइसरॉयवरून आठवलं. स्पॅनिश अधिकाऱ्यांकडे यासाठी तयार सूत्रच होतं: ‘आज्ञा शिरसावंद्य, अंमल करत नाही’. राजाचा हुकूम हातात घ्यायचा, आदराने डोक्याला लावायचा आणि बाजूला ठेवायचा. बंडखोरी नाही, राजाला परिस्थिती नीट कळवली गेली नसावी असं गृहीत धरून पुनर्विचाराची विनंती. स्पेनच्या कास्तीय राज्यातली जुनी पद्धत, अमेरिकेतल्या वसाहतींत तर रोजची.

कोपऱ्यावरचा वाचक

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. आता मूळ प्रश्न जरा आवळतो. उमरावांना माफी होती, तर ती मोडून सगळ्यांवर कर बसवायचा प्रयत्न लुईने केलाच नाही का? केला असेल तर तो कुठे फसला?

लाखेचा शिक्का

दोनदा केला. १६९५ ची डोईपट्टी आणि १७१० चा दशांश.

डोईपट्टीत सगळ्या प्रजेचे २२ वर्ग पाडले. पहिल्या वर्गाला २००० लिव्र, शेवटच्याला १. पहिल्या वर्गात युवराज, आणि त्याच ओळीत कर-इजारेदार! जन्माने नव्हे, ऐपतीने मांडलेली ही यादी दरबारात किती झोंबली असेल बघा. कर १६९८ मध्ये उठला, १७०१ मध्ये परत आला. पण परत येताना वर्गांचं गणित मागे पडलं आणि विभागाला ठरावीक रकमा नेमून दिल्या. खाली उतरेपर्यंत सामान्य माणसासाठी तो ‘ताय’चंच शेपूट झाला.

दशांश १४ ऑक्टोबर १७१० चा. आदल्या वर्षीचा भयंकर हिवाळा, युद्ध, तिजोरी रिकामी. प्रत्येकाने आपलं उत्पन्न स्वतः लिहून द्यायचं आणि त्याचा दहावा हिस्सा भरायचा, उमरावानेही. युद्ध संपलं की कर उठेल असं वचन. दरबारी आठवणींत असं आहे की प्रजेच्या मालमत्तेला असा हात घालावा का याची राजाला टोचणी होती, आणि ती धर्मशास्त्रज्ञांकडून ‘प्रजेचं सगळं राजाचंच’ असं मत आणून शमवली. खरं असो-नसो, असं मत आणावं लागलं ही गोष्ट बोलकी आहे.

फसला तो नोंदवहीत नव्हे, तिथे १६७३ मुळे कोणी अडवलं नाही (@उत्तरपेठ, तुमचा मुद्दा इथे लागू पडतो). फसला तो उत्पन्नाच्या कागदावर. उत्पन्न लिहून देणारा कमी लिहितो, आणि ते खोटं ठरवायला ‘काळी माती’ यांनी सांगितलेली तीच अडचण: मोजणी नाही, वही नाही. तपासणारा इंटेंडंट एकटा, आणि ज्याचं तपासायचं तो उमराव त्याच्याच जेवणाच्या टेबलावर. धर्मसंस्थेने एकरकमी ८० लाख लिव्र भरून स्वतःला बाहेर काढलं. सभा असलेल्या प्रांतांनीही ठोक रक्कम ठरवून घेतली आणि आत कोणाकडून किती ते स्वतः वाटून टाकलं. १७१७ मध्ये दशांश मागे घेतला. तोवर कर्ज २०० कोटी लिव्रच्या घरात.

उत्तरपेठ

मान्य. तरी माझा एक आग्रह: उमरावाला कर द्यायचा प्रसंग आला हेच १६१० मध्ये कल्पनेबाहेरचं होतं. पुढच्या राजांनी दशांश आणि विसांश पुन्हा पुन्हा आणले, ते याच पायवाटेने.

लाखेचा शिक्का

हो, यावर भांडण नाही.

आकडेमोड

एक शेवटचा कागद राहिला. लुईने मृत्युपत्र करून ठेवलं होतं, त्यात अनौरस मुलगा ड्यूक द्यू मेनच्या हाती बाळराजाचा सांभाळ आणि शाही पथकांचा ताबा. त्याआधी, १७१४ च्या जुलैमध्ये, अनौरस मुलांना गादीवर हक्कही देऊन ठेवला होता. मृत्युपत्र सुरक्षित राहावं म्हणून त्याने ते कोणाकडे सोपवलं? पॅरिसच्या पार्लमाँकडे. भिंतीत कोनाडा करून, लोखंडी दाराआड.

लुई गेला १ सप्टेंबर १७१५ ला. २ सप्टेंबरला पार्लमाँने ते काढून वाचलं आणि लुईचा पुतण्या ओर्लियाँचा ड्यूक याला संपूर्ण अधिकार देऊन मृत्युपत्र बाजूला ठेवलं. १५ सप्टेंबरला ड्यूकने पार्लमाँला आधी गाऱ्हाणं मांडायचा हक्क परत दिला. अनौरस मुलांचा गादीवरचा हक्क १७१७ मध्ये गेला.

सांजवात

म्हणजे ४२ वर्षं ज्यांचं तोंड बंद ठेवलं त्यांच्याच भिंतीत मृत्युपत्र?

तिरकस तात्या

दुसरी सुरक्षित भिंत नव्हती ना.